मेधाचं बंदर

तुम्ही हसाल, पण वादळात किनाऱ्याकडे पळायचं नसतं, हे मला माझ्या बायकोने भर समुद्रात शिकवलं. मेधा गंगापूर धरणावर शिडाची होडी चालवायला शिकलेली. गेल्या वर्षी दापोलीजवळ आम्ही दोघंच छोटी होडी घेऊन निघालो आणि तासाभरात आभाळ भरून आलं, वारा सुटला.

मी ओरडलो, "अगं, किनारा समोर दिसतोय, वळव!"

"तिथेच लाटा फुटतायत. गेलो तर उलटू. जॅकेटचा पट्टा आवळ आणि शीड अर्धं खाली घे."

मी पट्टा आवळला आणि शीड अर्धं खाली घेतलं. तिने होडीचं नाक लाटांकडे जरा तिरपं धरलं आणि एकेक लाट अंगावर घेत राहिली. मी डब्याने पाणी उपसत होतो. पाऊण तासाने वारा पडला, तेव्हाच तिने होडी वळवली.

किनाऱ्यावर एक म्हातारे कोळी आमच्याकडेच बघत उभे होते. त्यांनी मेधाला विचारलं, "कुठल्या बंदरातली गो तू?"

"नाशिकची."

"नाशकात समुद्र कुठं हाय?"

"नाही ना काका, म्हणून तर इथवर यावं लागतं!"