माझ्या कमरेचं मलम

अजून आठवलं की डोकं फिरतं माझं! भातलावणीत दिवसभर ओलं लुगडं नेसून कमरेला गजकर्ण उठलं होतं. खाजवून खाजवून रक्त यायचं. मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठं आमचे मालक पनवेलच्या डॉक्टरकडनं डबीभर मलम घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शेतावरनं येऊन बघते, तर डबी चाटूनपुसून साफ!

"मलम कुठं हाय?"

"बैलाच्या मानेला लावलं. त्यालाबी गजकर्ण झालंय. उद्या नांगराला जुंपायचा हाय ना!"

"आन माझ्या कमरेचं काय?"

"ती लुगड्याखाली कुणाला दिसतेय?"

मी पेटत्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. म्हटलं, "मंग आज भाकऱ्याबी त्या बैलालाच थापायला सांगा!"