हवेत शंभर यायलाच हवं

ऐक ना, मरोळच्या आमच्या लॅबमध्ये मी पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर कॅलिब्रेट करत होते. खोली बंद, एसी चालू. नायट्रोजन सोडून, म्हणजे ऑक्सिजन हटवून, शून्य तपासून झालं होतं. आता हवेत धरला की शंभर टक्के यायला हवेत. पण आकडा नव्वदच्याही खाली उतरतच चालला.

मी टोक पुसलं, परत धरला. डोकं जड झालेलं.

"सुजाता, वाट लागली यार. सेन्सर गेला!"

शेजारच्या टेबलावरची सुजाता एकदम दचकली. "अगं, नायट्रोजनचा सिलिंडर बंद केलास ना?"

"मला वाटलं, तू केलास!"

सेन्सर हातात घेऊन आम्ही बाहेर पळालो. पॅसेजमध्ये आकडा चढत चढत शंभरवर थांबला. सेन्सर एकदम ठीक होता, म्हणजे आत खोलीतला ऑक्सिजनच कमी होत चालला होता.