शेंदराची रेघ

(गोदावरीचा काठ. नावांच्या शर्यतीचा सराव नुकताच अर्ध्यावर थांबलेला. हरिबा हा गावच्या नावेचा वस्ताद; पोरं त्याला मामा म्हणतात.)

हरिबा : गुमान पड. उठू नगंस. आधी दूध घे.

उत्तरेश्वर : नगं मामा. नाव जड व्हईल.

हरिबा : नाव काठाला बांधलीय, बे. भर पान्यात भोवळ आली तुला. मागल्या वल्ह्यावरच्या राधाकिशननं कंबर धरली म्हनून, न्हाईतर गेलतास. खरं सांग, पोटभर कवा जेवलास?

उत्तरेश्वर : सकाळी अर्धी भाकर खातो की.

हरिबा : आन सांजच्याला? गावानं चाळीस दिस तुमा आठ पोरांना दूध-तूप लावलंय, ते कुनासाठी?

उत्तरेश्वर : तुमीच म्हनलावता. आमी आठीजन बसलो तर नावंवरची शेंदराची रेघ पान्याखाली गेली. म्हनलाव, कुनाचं तरी अंग सुटलंय, रेघ वर न्हाई आली तर एकाला उतरवीन. समद्यात थोराड मीच.

हरिबा : पन पंगतीत तुझं पान तर रोज साफ असतंय.

उत्तरेश्वर : माझी भाकर बद्रीनाथच्या पानात सरकवायचो. कवा राधाकिशनच्या. त्यांना भूक लई.

हरिबा : आता कळलं. तीन हप्ते झाले, मी रोज रेघ बघतोय, ती काई वर येईना. अरं खुळ्या, तुझं वजन त्यांच्या अंगावर चढलं. नाव हाय तेवढीच जड, आन एका गड्याचा जोर गेला.

उत्तरेश्वर : माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

हरिबा : मला कावून इचारलं न्हाईस?

उत्तरेश्वर : भ्या वाटलं. आय गेल्यापासनं घरात कुनी न्हाई, मामा. दिस-दिस कुनाशी बोलनं व्हत न्हाई. हितं आठजन एका दमात वल्हं मारतो, मग एका पंगतीला बसतो. जागा गेली असती तर कुठं गेलो असतो मी?

हरिबा : चार दिसांवर शर्यत हाय. तालुकदार सायब येनार, तलवाड्यापासनं लोक येनार. चार दिसांत अंगात रग भरत न्हाई, लेकरा. भगवानरावाच्या पोराला बसवावं लागंल.

उत्तरेश्वर : तुमच्या मनात आलंच हाय तर बसवा. हलका हाय त्यो.

हरिबा : माझा जीव तुटतोय रं. पन गावाला काय सांगू?

उत्तरेश्वर : पंगत शर्यतीपतोर हाय नव्हं?

हरिबा : हाय की.

उत्तरेश्वर : मग वाढाय येत जाईन मी.