बाबांच्या बटणाचा नंबर

— नाही, नाही, ‘तांत्रिक अडचण’ हा शब्द माझ्यासमोर वापरायचा नाही! सगळी हयात बातमीदारीत गेली माझी, भल्याभल्यांनी तोंडावर फेकलाय तो शब्द. बसा, इंजिनियरसाहेब, लॅपटॉप उघडा, ती ओळ पुन्हा दाखवा. हीच ना? ‘बोलाव’ नावाचं फंक्शन, कंसात नंबर. बाबांनी गळ्यातलं बटण दाबलं की हे चालतं आणि त्या नंबरला फोन जातो. बटण काही नंबर देत नाही — मग आधीच ठरवून ठेवलेला घ्यायचा, तुमच्या भाषेत डिफॉल्ट. आणि डिफॉल्ट म्हणून काय ठेवलंत? ‘घरचा_नंबर’ हे व्हेरिएबल, म्हणजे नंबर ठेवायचा कप्पा! वाटलं असेल, व्हेरिएबल बदललं की डिफॉल्टही बदलेल. बदलतो? आत्ता तुम्हीच म्हणालात — नाही बदलत! बटणाचा भिंतीवरचा हा डबा सुरू केलात त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये जे होतं ते फंक्शनने उचललं, आणि तेच धरून बसलं. कोणाचा नंबर होता त्यात? माझ्या नवऱ्याचा. तेव्हा तो नवरा होता!

घटस्फोट झाला, मी स्वतः या डब्यात नंबर बदलला. स्क्रीनवर माझा नंबर, व्हेरिएबलमध्ये माझा नंबर — आणि परवा बाबा बाथरूममध्ये घसरले तर फोन कोणाला? त्याला! धावत आला, बाबांना उचललं, दवाखान्यात नेलं, एक्सरे काढला, हाड शाबूत आहे कळल्यावर मला फोन — ‘काळजी करू नकोस.’ कोण हा मला सांगणारा? काय? हो, मी पत्रकार परिषदेत होते, फोन सायलेंटवर होता — तो प्रश्नच वेगळा! विषय बदलू नका!

आणि ही काही पहिली वेळ नव्हे. बाबाच बोलून गेले काल. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडेना — दाबलं बटण. दिवे गेले — दाबलं बटण. करमेना — दाबलं! जावईबापू दरवेळी हजर, पत्त्यांचा डाव मांडून बसायचे दोघं. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे! मला का नाही सांगितलंत, विचारलं, तर म्हणतात, ‘तू कामात असतेस गं.’ कामात! मग काय घरी बसू?

झालं दुरुस्त? कसं केलंत? डिफॉल्ट रिकामा ठेवायचा — आणि बटण दाबल्यावर आत बघायचं, या घडीला व्हेरिएबलमध्ये नंबर कोणाचा. एवढंच? मग या दोन ओळी आधी लिहायला काय झालं होतं तुम्हाला? बरं, आता चाचणी. हा माझा फोन, आवाज पूर्ण मोठा केलाय, बघा. बाबा! दाबा बटण! आता फोन मला येईल, त्याला नाही, दाबा! — ऐकू येतंय हो त्यांना, चांगलं येतंय. आत्ताच टीव्हीचा आवाज कमी केला त्यांनी. — बाबा, एकदाच. — अहो, बटण सदऱ्याच्या आत काय टाकताय? बाबा?

तुम्ही निघा आता. निघा म्हटलं ना!