व्युत्पत्तीसह आजारपण

(रुग्णालयातली खोली. खाटेवर बायको, सलाइन लावलेलं. खुर्चीत नवरा, मांडीवर कार्डांचा खोका. डॉक्टर उभ्या.)

डॉक्टर : काका, मी विचारलं, काकूंना त्रास कधीपासून आहे. तुम्ही हा खोका काय पुढे करताय?

नवरा : त्यातच आहे सगळं. तारीखवार. मी वैद्यकीय परिभाषा कोशाचं काम करतो, अडतीस वर्षं झाली. कानावर पडेल ते कार्डावर उतरवायचं, मागच्या बाजूला व्युत्पत्ती. अशी आमची पद्धत.

बायको : मी शिंकले तरी कार्ड होतं हो. आमच्याकडे दुखण्याचं बारसं आधी, औषध मागाहून.

डॉक्टर : बघू. तीन मार्च. 'मुंग्या येणे. उजवा हात, कोपरापासून बोटांपर्यंत.' अरे वा, आमचे शिकाऊ डॉक्टर एवढं नीट लिहीत नाहीत. किती वेळ होत्या मुंग्या?

नवरा : ते नाही लिहिलं. पण मागे पाहा ना, गंमत आहे. तुमच्या इंग्रजी पुस्तकात फॉर्मिकेशन म्हणतात ना, तो शब्दही लॅटिनमधल्या मुंगीवरूनच आला. कुठे ते लोक, कुठे आपण, आणि अंगावर चालल्या त्या मुंग्याच!

डॉक्टर : आणि हाताचं काय केलंत?

बायको : हात माझ्याकडेच होता. मीच चोळला. हे तोवर लॅटिनमध्ये होते.

डॉक्टर : बावीस मार्च. 'डोळ्यापुढे पडदा. डावा डोळा. वरून खाली आला, थोड्या वेळाने गेला.'

नवरा : अमॉरोसिस फ्युगॅक्स! पहिला शब्द ग्रीक, काळोख होणे. दुसरा लॅटिन, पळून जाणारा. मी समितीत 'पळपुटा काळोख' सुचवला, तर अध्यक्ष म्हणतात, थट्टा वाटते. शेवटी 'क्षणिक अंधत्व' ठेवलं. मिळमिळीत.

डॉक्टर : म्हणजे तुम्हाला नाव ठाऊक होतं.

नवरा : नाव ठाऊक होतं.

डॉक्टर : आणि ते कशाचं लक्षण असतं, ते?

नवरा : ते कोशात येत नाही. कोशात शब्द, मूळ आणि पर्याय. पुढचं डॉक्टरांचं काम.

डॉक्टर : मग डॉक्टरकडे आणायचं होतं ना!

बायको : त्यांना एकट्याला नका बोलू. मीही कुठे हट्ट धरला? पडदा गेला, मी उठून कपडे वाळत घातले.

डॉक्टर : आणि हे काय? नऊ एप्रिल. 'डोळ्यांची खिडकी.' खाली लाल शाईने दोन रेघा. हा कुठला आजार?

नवरा : आजार नाही. तो हिचा शब्द.

डॉक्टर : म्हणजे?

नवरा : हिला चष्मा हवा होता. हात पुढे केला आणि म्हणाली, 'अहो, माझी ती... डोळ्यांची खिडकी द्या.'

बायको : चष्मा हा शब्द आठवेचना मला. जिभेवर होता, पण बाहेर येईना. घामच फुटला.

डॉक्टर : आणि तुम्ही काय केलंत, काका?

नवरा : मी खूश झालो.

डॉक्टर : खूश?

नवरा : आता कसं सांगू तुम्हाला. आम्ही पंधरा विद्वान टेबलाभोवती बसून शब्द पाडतो. एकात जीव नसतो. डॉक्टर वापरत नाहीत, पेशंट तर नाहीच नाही. आणि ही बाई, कधी कोश उघडून न बघितलेली, उभ्या उभ्या असा शब्द देते! मी तिला शाबासकी दिली. म्हटलं, अजून सांग.

बायको : चहा करून दिला हो मला. लग्नानंतर पहिल्यांदा. मग मीही घामाचं बोलले नाही. कौतुक कुणाला नको असतं?

डॉक्टर : बारा एप्रिल, 'दाराची जीभ'.

नवरा : किल्ली.

डॉक्टर : पंधरा, 'केसांचा नांगर'.

नवरा : कंगवा. हा तर फारच छान आहे.

डॉक्टर : सोळा. सतरा. सतरालाच आणखी एक. काका, तारखा बघताय का? किती जवळ जवळ येत गेल्यात?

नवरा : मला वाटलं, हिचा हात बसत चाललाय.

डॉक्टर : बरं. मग काल इथे आलात कसे?

बायको : मुलीशी फोनवर बोलत होते. शब्दच फुटेना, नुसतं अं अं. ती तिकडून किंचाळली, बाबांना फोन दे म्हणाली, आणि बाबांना असं काही झाडलं की विचारू नका. हे एका पायात चप्पल घालून निघाले.

डॉक्टर : पोरीने वाचवलं म्हणायचं. आता दोघंही नीट ऐका. काकू शब्द घडवत नव्हत्या. दर वेळी मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा काही मिनिटं तुटत होता. मानेतली डावी कॅरॉटिड धमनी पंच्याऐंशी टक्के बंद आहे.

नवरा : कॅरॉटिड. ग्रीक शब्द. गाढ गुंगी आणणारी...

बायको : अहो.

नवरा : ही शीर दाबली की माणूस गुंगीत जातो, म्हणून. आणि आपली धमनी, ती धम् धातूपासून. धम् म्हणजे फुंकणे, भात्याने फुंकतात तसं. ग्रीकांनाही वाटायचं की धमन्यांमध्ये वारा असतो. प्रेतं चिरली की रिकाम्या दिसायच्या ना, म्हणून...

डॉक्टर : काका, काकूंच्या धमनीत वारा नाही. रक्त आहे, आणि ते वर पोचत नाहीये.

नवरा : हो.

डॉक्टर : उद्या सकाळी ऑपरेशन. शीर उघडायची, आत साचलंय ते खरवडून काढायचं. नाही केलं तर पुढच्या वेळी गेलेली वाचा परत येणार नाही, उजवा हातही जाईल. केलं तरी शंभरातल्या दोघा-तिघांना ऑपरेशनमध्येच झटका येतो. हे लपवत नाही. काकूंनी इथे सही करायची, तुम्ही खाली साक्षीदार. मी थिएटरची वेळ पक्की करून येते.

बायको : गेल्या बाई. द्या तो फॉर्म इकडे. आणि त्यातल्या चुका काढत बसू नका.

नवरा : मी वाचतसुद्धा नाहीये.

बायको : मग डोळे कशाला पुसताय?

नवरा : मी गाढव आहे.

बायको : ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं. त्याचं कार्ड कुठाय?

नवरा : थट्टा नको गं. तुला घाम फुटत होता आणि मी लाल शाई शोधत होतो. उद्या टेबलावर तुझं काही झालं तर मी काय करू? घरात बोलायचं कुणाशी? ते समितीतले म्हातारे आहेत, पण त्यांच्याशी काय बोलणार?

बायको : काही होत नाही. मी अशी सुखासुखी सोडणार नाही तुम्हाला. जरा पाणी द्या. आणि ती सरकवा बाजूला, हाताला ओढ बसते.

नवरा : काय सरकवू?

बायको : ती... ती हो. ही... थेंबांची काठी.

नवरा : काय म्हणालीस?

बायको : थेंबांची... थें...

नवरा : सिस्टर! डॉक्टर! अहो, कुणी आहे का? लवकर या, हिचे शब्द चाललेत! लवकर या हो!

डॉक्टर : सरका, काका. काकू, माझ्याकडे बघा. हसून दाखवा. दोन्ही हात वर धरा. उजवा पण. धरा, धरा. सिस्टर, बीपी घ्या. काकू, हे काय आहे?

बायको : अं... अं...

डॉक्टर : घाई नाही. सावकाश.

बायको : पे... पेन.

डॉक्टर : आणि तो?

बायको : सलाइनचा स्टँड. आणि ते आमचे हे.

डॉक्टर : आलं परत. काका, किती वेळ गेला?

नवरा : चार मिनिटं. घड्याळच बघत होतो.

डॉक्टर : आता उद्याची वाट बघायची नाही. तासाभरात आत घेते. सिस्टर, तयारी करा.

बायको : अहो.

नवरा : बोलू नकोस.

बायको : मगाशी काहीतरी म्हणाले ना मी? मला आठवत नाही. लिहून ठेवलंत ना?

नवरा : नाही.

बायको : चांगला होता का?

नवरा : भिकार होता. अगदी भिकार. पडून राहा आता.