तुरीची चौथी ओळ

व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष महोदय, भूमहून आलेले अधिकारी साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आपल्या कृषी सहायक निखत शेख मॅडम, आणि समोर बसलेल्या भावांनो, बहिणींनो, या महालिंगप्पाचा सर्वांना नमस्कार. मला पाच मिनिटं दिलीत. घरी माझ्याशी बोलणारं कुणी नाही, तेव्हा सहा झाली तर अध्यक्षांनी घड्याळाकडं बघू नये.

मॅडम गावात नव्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, नुसती बाजरी नको. तीन ओळी बाजरी, चौथी तुरीची." मी हसलो. पण आमच्या मंडळींनी, जगदेवीनं, ते मनावर घेतलं. मी तिफण हाकायचो, ती मागं मोघणं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून त्यातनं तूर सोडायची. त्या साली पावसानं लई ताण दिला. बाजरी करपली, तुरीनं मात्र खालची ओल धरली. घरात डाळ आली, पाला गळून रानही सुधारलं. श्रेय कुणाचं? टाळ्या मात्र मी घेतल्या.

तीन वर्षांमागं जगदेवी गेली. त्या पावसाळ्यात मी नुसती बाजरी पेरली. मॅडम बांधावर आल्या. "तूर कुठंय, काका?" मी बेधडक सांगितलं, "बी खराब निघालं, उगवलंच न्हाय." मॅडम खाली बसल्या आणि बोटांनी माती उकरायला लागल्या. न उगवलेलं बी मातीत सापडतंच की! चार ठिकाणी उकरलं, एक दाणा नाही. माझ्याकडं बघितलं, हात झटकले आणि म्हणाल्या, "काका, भाकरी आणलीय का?"

आज सगळ्यांसमोर कबूल करतो. बी चांगलं होतं, मी ते पेरलंच नव्हतं. मोघणं धरायला माणूस नव्हतं, आणि तिच्या जागी मजूर उभा करायला मन धजलं नाही.

पुढच्या मिरगाला मॅडम आपण होऊन आल्या. ओढणी कमरेला खोचली, मोघणं हातात घेतलं. मी तिफण हाकली, त्यांनी रान पेरून होईपर्यंत मागं तूर सोडली. सबंध वर्षात तेवढाच दिवस मला एकटं वाटलं नाही.

आता निवृत्त होऊन त्या लेकीकडं सोलापूरला निघाल्यात. अशा वेळी आनंद आहे म्हणायची रीत आहे. मला काही आनंद झालेला नाही.

बोलू दिलंत, उपकार झाले. कमीजास्त बोललो असंन तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि मॅडम, मिरगाला फोन करीन. यायला नाही जमलं तरी चालंल, पण तेवढा उचला.