दोनशे बाराचा चौकोन

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात, बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या चित्रकार्डांच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी बुटांचा खोका काउंटरवर ठेवला आणि दुकानदार व्हर्न कार्डं चाळू लागला.

"जपलीत हो छान. कुणाची?"

"माझ्या भावाची, डेलबर्टची. गुरुवारी गेला."

"अरेरे. पण बाई, हे संचातल्या सगळ्या कार्डांच्या यादीचं कार्ड बघा. जवळजवळ सगळ्या चौकोनांत पेन्सिलीच्या खुणा."

"कार्ड मिळालं की खूण करायची. यादी त्यासाठीच असते ना?"

"असते. पण भाव कोऱ्या यादीला. ही मातीमोल झाली."

"मला विकायची नाहीये. एकच चौकोन रिकामा आहे बघा, दोनशे बारा."

"हा राखीव कॅचर? बदली खेळाडू, याच्या कार्डाला कुत्रं विचारत नाही. तिथे टोपलीत पडलाय कधीचा."

"डेलबर्टने साठ वर्षं शोधला."

"इथे का नाही आले मग?"

"विकत घेणं म्हणजे लबाडी म्हणायचा. कार्ड च्युइंगगमच्या पाकिटातून निघायला हवं, नाहीतर अदलाबदलीत मिळायला हवं."

"मग अदलाबदल करू."

"यातलं हवं ते घ्या."

"हे घेतो, कोपरा दुमडलेलं."

"अहो, चांगलं घ्या की एखादं."

"मला हेच हवंय. हा घ्या तुमचा कॅचर."

"आता जरा पेन्सिल द्या."

"बाई, चाळीस वर्षांत या दुकानात मी पेन्सिल येऊ दिली नाही."

"मग आज कुठूनतरी आणा. उद्या दहाला त्याला पुरायचंय, आणि यादी त्याच्या खिशात जाणार आहे."